एडिंबरापलीकडचं शेतीचं स्कॉटलंड: फाइफच्या खोऱ्यात चार दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील पहिल्यांदाच येतायत. एडिंबरा दोन दिवसांत पाहून होईल, पुढचे चार दिवस मोकळे आहेत. वडील भिलारचे स्ट्रॉबेरी उत्पादक, आई पूर्ण शाकाहारी, आणि तिथे गाडी चालवायची तुमची तयारी नाही. दिवस दिवस बसमध्ये बसून डोंगर बघण्यापेक्षा शेतीचा मुलूख आणि जुनी गावं निवांत बघायची आहेत. कुठे जावं, कधी जावं, आणि परक्याच्या शेतात पाय टाकलेला चालतो का?

माझं शिक्षण शेतीचं आणि काम याच भागात पाहुण्यांना फिरवण्याचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फाइफला जा. फाइफमध्येही किनाऱ्यावरची मासेमारीची गावं सगळेच बघतात. तुम्ही आतलं ईडन नदीचं खोरं धरा. त्याला तिथे हाऊ ऑफ फाइफ म्हणतात. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा आणि चारही दिवस तिथेच घालवा. स्कॉटलंडला येणारी आपली मंडळी रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल असा कार्यक्रम आखतात, आणि शेवटी हातात फोटो उरतात. शेतीचा भाग असा बघून होत नाही. सकाळी दिसलेलं शेत संध्याकाळी कापलेलं दिसतं, तेव्हा कुठे तो भाग कळायला लागतो. तुमच्या वडिलांना हे वेगळं सांगायला नको.

फाइफ म्हणजे फोर्थ आणि टे या दोन खाड्यांच्या मधला, समुद्रात शिरलेला जिल्हा. त्याच्या पोटातून ईडन नदी पूर्वेला वाहत जाते आणि सेंट अँड्रूजच्या जवळ समुद्राला मिळते. दक्षिणेला लोमंडच्या टेकड्या. त्यातली वेस्ट लोमंड 522 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने बुटकीच, पण फाइफमधली सगळ्यात उंच. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने या खोऱ्यात वाळू आणि गोटे आणून टाकले. त्यामुळे लेडीबँकच्या आसपासची जमीन हलकी, पटकन निचरा होणारी. बटाटा, गाजर तिथे छान येतं. उलट ऑक्टरमक्टीजवळ रॉसी नावाचं मोठं तळं होतं. 18व्या शतकात चर खणून त्याचं पाणी नदीला काढून दिलं आणि तळ्याच्या तळाशी शेती सुरू झाली. आज तिथून जाताना सपाट काळी रानं आणि सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर दिसतात. वडिलांना ती जागा नक्की दाखवा. त्या भागात नांगराखाली आलेली किती जमीन माणसाने पाण्यातून काढली आहे, हे एका नजरेत समजतं.

कधी जावं? शेतीसाठी जाणार असाल तर माझी पसंती ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेलं जव तेव्हा कापणीला आलेलं असतं. पाऊस नसेल त्या दिवशी कंबाइन हार्वेस्टर दिवे लावून रात्रीपर्यंत चालतात आणि कापलेल्या रानात पेंढ्याचे मोठे गोल गठ्ठे पडलेले असतात. मे महिना दिसायला जास्त सुंदर. मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक फुलतं आणि अख्खी रानं पिवळी होतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते आणि जूनअखेर एडिंबरा विमानतळाजवळ इंग्लिस्टनला रॉयल हायलँड शो हे चार दिवसांचं मोठं कृषिप्रदर्शन भरतं. अवजारं, बैल, मेंढ्या, कातरणीच्या स्पर्धा असं सगळं एका जागी असतं. वडिलांना प्रदर्शनाची हौस असेल तर जून घ्या, रानातलं काम बघायचं असेल तर ऑगस्ट. हिवाळ्यात येऊ नका. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास अंधारून येतं आणि बघण्याच्या बऱ्याच जागा बंद असतात.

मुक्काम कूपरला करा. फॉकलंड दिसायला जास्त देखणं आहे आणि गाडी असती तर मी तेच सुचवलं असतं. पण कूपरला रेल्वे स्टेशन आहे, बस चारही दिशांना जातात, सुपरमार्केट आहे. एडिंबराहून ट्रेनने साधारण तासाभराचा प्रवास. जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसा: आधी 1890 चा फोर्थ पूल लागतो आणि मग कर्कॉल्डीपर्यंत समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. बसथांब्यावर बस येताना दिसली की हात करा, नाहीतर ती थांबेलच असं नाही. पैसे कार्डाने देता येतात. टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते. परतीचीही तेव्हाच ठरवून घ्या.

आता फॉकलंड, कारण या खोऱ्याचा जीव तिथे आहे. स्कॉटलंडच्या स्टुअर्ट घराण्यातल्या राजांचा शिकारीचा राजवाडा या गावाच्या मुख्य रस्त्यालाच लागून आहे. मधे खंदक नाही की मैदान नाही. राजवाड्याचं दार आणि बेकरीचं दार एकाच फरसबंदीवर. चौथा आणि पाचवा जेम्स या बापलेकांनी 1501 ते 1541 च्या दरम्यान तो आजच्या रूपात उभा केला. पाचव्या जेम्सची बायको फ्रेंच होती, आणि अंगणात उभं राहिलं की खिडक्यांमधले खांब आणि गोल चौकटींत कोरलेले चेहरे फ्रान्समधून आलेल्या कारागिरांची आठवण देतात. तोच राजा 1542 च्या डिसेंबरात इथे वारला, तेव्हा त्याची मुलगी मेरी अवघी सहा दिवसांची होती. पुढे मोठेपणी ती इथे शिकारीला येत असे. 17व्या शतकात इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याचा तळ असताना एक बाजू जळाली, ती आजही छपराविना उभी आहे. 1887 मध्ये ब्यूटच्या तिसऱ्या मार्क्विसने, म्हणजे एका उमरावाने, हा वाडा विकत घेऊन उरलेल्या भागाची डागडुजी केली. आता देखभाल नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. बागेच्या टोकाला 1539 च्या सुमाराचं रॉयल टेनिसचं, म्हणजे आजच्या टेनिसच्या जुन्या प्रकाराचं, कोर्ट आहे, छप्पर नसलेलं, आणि त्यावर आजही खेळतात. त्याच्या शेजारची फळबाग बहुतेक लोक सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

राजवाडा झाला की गावातून हळू चाला आणि दारांच्या वर बघा. दरवाज्यावरच्या दगडात नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं आणि साल कोरलेलं दिसेल. त्या काळी स्कॉटलंडमध्ये लग्नानंतर बाई माहेरचंच आडनाव लावत असे, म्हणून दोन आडनावांची दोन वेगळी अक्षरं असतात. राजवाड्यासमोर मॉन्क्रिफ हाउस आहे, 1610 चं, टे खाडीतल्या बोरूच्या गवताने शाकारलेलं. मागच्या गल्ल्यांत हातमागावर लिनन विणणाऱ्यांची बैठी घरं आहेत. राजदरबार गेल्यावर गाव याच मागांवर जगलं. 1970 मध्ये फॉकलंड हे स्कॉटलंडमधलं पहिलं संरक्षित क्षेत्र ठरलं. घरांच्या पुढच्या बाजूला प्लास्टिकच्या खिडक्या आणि पाट्यांचा बुजबुजाट दिसत नाही, तो त्यामुळेच.

दुपारी ईस्ट लोमंडवर जा. फॉकलंडमधून थेट चढणारी वाट उभी आहे, आईवडिलांना तिने नेऊ नका. टेकडीवर गाडीतळ आहे, तिथपर्यंत टॅक्सी करा आणि उरलेली सोपी चढण पायी. माथ्यावर लोहयुगातल्या गढीचे मातीचे बांध अजून ओळखू येतात. उत्तरेला तोंड करून बसलं की अख्खं खोरं समोर असतं: ईडनच्या कडेची कुरणं, हलक्या जमिनीवरचे पाइन, वाऱ्याला अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा, आणि प्रत्येक शेतघराभोवती गोठे-कोठारांचं दगडी चौकोनी आवार. त्या आवाराला स्टेडिंग म्हणतात. बऱ्याच स्टेडिंगमध्ये आता माणसं राहतात, कारण आजची यंत्रं त्या दारांतून आत जात नाहीत. धान्य शेजारच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये असतं.

सीरीस कूपरहून जेमतेम पाच किलोमीटर. गावाच्या मधोमध हिरवळ आहे. इंग्लंडमध्ये ती गावोगावी दिसते, स्कॉटलंडमध्ये क्वचित. जूनच्या शेवटच्या शनिवारी इथे खेळ भरतात. 1314 च्या, इंग्रजांशी झालेल्या बॅनकबर्नच्या लढाईहून गावचे लोक परतले तेव्हापासून ते चालू आहेत, असं गावकरी सांगतात. पण माझ्या दृष्टीने सीरीसमधली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे जुन्या वजनघराचं दार. आत फाइफ फोक म्युझियम आहे. दारावर दगडात तराजू कोरलाय आणि खाली ओळ आहे: देव न्यायाने वागणाऱ्यांचं भलं करो. दाराच्या बाजूला साखळीला लोखंडी कडं लटकतंय. अपराध्याची मान त्यात अडकवून त्याला भर बाजारात उभं करत. मापात पाप करणाऱ्याला काय वाटत असेल, याची कल्पना तिथे उभं राहून करावी. आत नांगर, लोणी काढायची भांडी, घोड्यांचे साज, बागकामाची अवजारं असं सगळं शेतकरी घरांतून आलेलं सामान आहे. म्युझियम गावातले स्वयंसेवक चालवतात. वडिलांनी एखाद्या अवजाराबद्दल विचारलं तर तासभर सहज जाईल, आणि तो तास मोडू नका.

त्याच रस्त्यावर हिल ऑफ टार्विट हा बंगला लागतो. 1906 साली वास्तुविशारद रॉबर्ट लॉरिमरने तो शार्प कुटुंबासाठी बांधला. त्यांचा पैसा डंडी शहरातल्या ज्यूट धंद्यातला, आणि डंडीच्या गिरण्यांत येणारा ज्यूट बंगालचा. सुंदर घर आहे, जरूर बघा, आणि ते कुणाच्या घामावर उभं राहिलं तेही आईवडिलांना सांगा. हिंदुस्थानशी असलेलं नातं या खोऱ्यात आणखीही सापडतं. पिटलेसीजवळ कल्ट्सच्या पाद्र्याच्या घरी 1785 मध्ये जन्मलेल्या डेव्हिड विल्कीने आपल्या गावची जत्रा रंगवली, आणि श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाचा मृतदेह सापडतो तो प्रसंगही त्यानेच रंगवला.

बाकी गावं जाता जाता. कोलेसीत गवताने शाकारलेली काही घरं टिकून आहेत. ऑक्टरमक्टीत अरुंद गल्ल्या. स्ट्रॅथमिग्लोत 1734 चा मनोरा. वेळ उरला तर उत्तरेला टे खाडीवरच्या न्यूबर्गला जा. तिथल्या घरांच्या मागे जुन्या आलुबुखाराच्या बागा आहेत आणि ऑगस्टअखेरपासून गावकरी फळं विकायला बसतात. शेजारी लिंडोर्स मठाचे अवशेष. 1494 च्या सरकारी हिशेबात फ्रायर जॉन कॉरला दारू गाळण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं माप) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, दिल्याची नोंद आहे. स्कॉच व्हिस्कीची सगळ्यात जुनी लेखी नोंद म्हणून तीच दाखवतात, आणि लिंडोर्सशी तिचं नाव जोडतात. आजही इथलं चांगलं जव माल्टसाठीच जातं. त्यासाठी दाण्यात नायट्रोजन कमी लागतो, म्हणून शेतकरी खताचा हात आखडता ठेवतो. जास्त झाला तर माल नाकारला जातो आणि जव जनावरांच्या खाद्याच्या भावाने विकावं लागतं.

आता शेतात पाय टाकण्याबद्दल. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही, परदेशी पाहुण्यालासुद्धा, बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून जाण्याचा हक्क दिला आहे. मालक कोण हे विचारावं लागत नाही. पण हा हक्क जबाबदारीने वागणाऱ्याचा आहे, आणि घराभोवतीची बाग, शेतघराचं आवार, गोठे, कोठारं आणि उभं पीक यांना तो लागू नाही. पीक असेल तर बांधाच्या कडेने किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या रिकाम्या पट्ट्यांतून चाला. फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडंच, कारण जनावरांना पाण्यावर जायची वाट शेतकऱ्याने मुद्दाम ठेवलेली असू शकते. कुलूप असेल आणि ओलांडायचंच असेल तर बिजागरीच्या बाजूने चढा, कडीच्या बाजूने चढलं की फाटक लोंबायला लागतं. वासरं असलेल्या गाईंच्या मधून कधीही जाऊ नका. आपल्या गाईंची सवय असलेली माणसं इथेच फसतात. या गाई मोकळ्या वाढतात, माणसाला ओळखत नाहीत, आणि वासरासाठी अंगावर येतात. त्या शेतात वासरं दिसली तर दुसरी वाट घ्या.

शेतातलं काही तोडू नका, एक कणीससुद्धा दाणा बघायला नको. सप्टेंबरात कुंपणांच्या काट्यांत करवंदांसारखी काळी ब्रॅम्बल पिकतात, ती मात्र रस्त्याच्या कडेची खुशाल खा. उंच गवतातून चाललात तर संध्याकाळी पायांवर गोचीड बघून घ्या. तिच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

एक गोष्ट वडिलांच्या कानावर आधीच घाला. घरी जनावरं असतील तर गोठ्यात वापरलेले बूट आणू नका, किंवा स्वच्छ धुवून, वाळवून आणा. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत आली आणि लाखो जनावरं मारावी लागली. तिथला शेतकरी ते विसरलेला नाही. याच कारणाने भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे. तूप, पेढे, खव्याच्या वड्या बॅगेत भरू नका.

आईच्या जेवणासाठी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घ्या, रोजची काळजी मिटते. बाहेर खाताना मसुराच्या सूपपासून सांभाळा. नाव डाळीचं, पण स्कॉटलंडमध्ये ते बऱ्याचदा डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात. विचारूनच मागवा. मासे-चिप्सच्या काही दुकानांत चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात, तेही विचारा. हॅगिस हा मूळचा मांसाचा स्कॉटिश पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही बऱ्याच ठिकाणी मिळतं. ओट, डाळी आणि मिरपुडीचं असतं, बटाटा आणि सलगमाच्या लगद्याबरोबर देतात, आणि आपल्या जिभेला ते बरं लागतं. खेड्यातली स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात आणि रात्री आठनंतर काही मिळेलच असं नाही. उशीर करून चालत नाही.

कपडे थरांचे आणा. पूर्वेकडचा हा भाग पश्चिम स्कॉटलंडपेक्षा बराच कोरडा, पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरून हार नावाचं गार धुकं आत येतं आणि भर दुपारी स्वेटर लागतो.

आतल्या गावांना जाणाऱ्या बस रविवारी फार कमी असतात. तो दिवस सेंट अँड्रूजला द्या, कूपरहून साधारण पंधरा किलोमीटर. तिथल्या मोठ्या शाळेचं नाव मद्रास कॉलेज आहे. सेंट अँड्रूजचा अँड्रू बेल मद्रासला गेला, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची पद्धत त्याने तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेत राबवली, आणि परत आल्यावर ती ब्रिटनभर पसरवली. शाळा त्याच्याच पैशातून उभी राहिली.

राहिली स्ट्रॉबेरी. इथे ती मातीत फारशी नसते. पॉलिटनेलखाली, म्हणजे प्लास्टिकच्या कमानीदार मांडवाखाली, कमरेइतक्या उंचीवर मांडलेल्या पन्हळींमध्ये नारळाच्या काथ्याच्या पिशव्या असतात, आणि त्यांत रोपं. वाकायला लागत नाही, फळ मातीला लागत नाही, खत आणि पाणी नळीतून थेंबाथेंबाने जातं. तो काथ्या बहुतेक भारत आणि श्रीलंकेतून येतो, म्हणजे वडिलांना तो बघताक्षणी ओळखू येईल. शेजारच्या टनेलमध्ये रास्पबेरी असेल तर ग्लेन ॲम्पल नावाची जात आहे का विचारा. टे नदीपलीकडे डंडीजवळच्या संशोधन केंद्रातून ती निघाली. थंडीच्या तोंडावर आलात तर गाजराच्या रानावर पेंढ्याचा जाड थर अंथरलेला दिसेल. गाजर काढून कोठारात ठेवत नाहीत, त्या पांघरुणाखाली जमिनीतच ठेवतात आणि लागेल तसं हिवाळाभर उपसतात.

कूपरजवळ स्वतः फळं तोडून घेता येतात अशा बागा आहेत. त्यांचा हंगाम निघण्याआधी तपासून घ्या. पण मोठ्या टनेलच्या शेतावर आगाऊ न कळवता जाऊ नका. तीन-चार आठवडे आधी दोन-तीन शेतांना मेल करा, पहिल्याच ओळीत लिहा की वडील महाराष्ट्रातल्या डोंगराळ भागात स्ट्रॉबेरी पिकवतात, आणि अर्धा तास मागा. दुपारनंतरची वेळ सुचवा. तोडणी भल्या पहाटे सुरू होते, तेव्हा कुणाला बोलायला सवड नसते. दुपारनंतर मात्र शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याला सहसा नाही म्हणत नाही. वडिलांच्या फोनमध्ये आपल्या बागेचे, गादीवाफ्यांचे आणि मल्चिंगचे फोटो असू द्या. इंग्रजी येवो न येवो, त्या फोटोंवर दोघांचं बोलणं होईल. तुम्ही मधे दुभाषा म्हणून उभे राहा.